तांबडीच्या मालकिणीस

११ फेब्रुवारी

बाईसाहेबांस,

दीड पानाचं पत्र मिळालं. एक पान हिशेब, अर्धं पान उपदेश. "आई, हे वेड आता पुरे" हे वाक्य त्यात दोनदा आलंय. म्हणजे एकदा लिहून तुझं समाधान झालेलं दिसत नाही.

उत्तर एका शब्दात देते. नाही.

आता सविस्तर. पागेचं भाडं तू या महिन्यापासून पाठवणार नाहीस, हे समजलं. सहा वर्षं पाठवलंस. मी कधी मागितलं नव्हतं आणि कधी नकोही म्हणाले नाही, तेव्हा त्याबद्दल आभार मानते आणि पुढे जाते. तांबडी तुझ्या नावावर आहे, म्हणून ती विकायचा हक्क तुझा, हेही मान्य. पण तिचं ओळखपुस्तक, ज्याच्याशिवाय कुठलाही घोडा एका पागेतून दुसऱ्या पागेत जात नाही, ते माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. तुझ्याकडे सही आणि माझ्याकडे पुस्तक. बसू दोघी.

"घोडी एकोणीस वर्षांची, तू छप्पन्न, दोघींनी आता आराम करा," असं तू लिहितेस. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायला तुला फुरसत नाही, पण आरामाचा सल्ला आहे. ज्या सरांना तू तिला विकायला निघालीस, ज्यांनी तुला पहिल्यांदा खोगिरावर बसवलं, ते तिला काय उशाला उशी देऊन झोपवणार आहेत? त्यांच्या शाळेत ती रोज वीस पोरांना पाठीवर घेऊन गोल गोल फिरेल आणि वीसही जण तिच्या बरगड्यांवर लाथा मारतील. या वयात तिला नोकरीला लावायची आणि त्याला आराम म्हणायचं, हे तुझ्या ऑफिसात चालत असेल.

सोबत एक कागद जोडला आहे. चार मेला स्पर्धा आहे. नवशिक्यांचा गट, आठ अडथळे, उंची साठ सेंटिमीटर, म्हणजे माझ्या गुडघ्याच्या जरा वर. घोडा दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतिपत्र लागतं. मालकीण तू, स्वार मी. खालच्या रेघेवर सही करून पंचवीस एप्रिलच्या आत पोहोचेल असं पाठव.

पैसे कुठून आणणार, हे तू विचारण्याआधीच सांगते की सांगणार नाही. प्रवेश फी आहे, ट्रकचं भाडं आहे, तिथल्या तबेल्यात जागेचे पैसे आहेत, कोट आहे, बूट आहेत, आणि तू हात आखडता घेतल्यामुळे आता पागेचं भाडंही आहे. लाँड्रीच्या पगारात हे बसत नाही, हे मला शिकवू नकोस. तो पगार अठरा वर्षं मी घेते आहे, तू नाही.

राहता राहिली ती जुनी गोष्ट, जी तू दर पत्रात शेवटच्या ओळीत घुसवतेस. मी कुंपणापाशी ओरडले नव्हते. सांगत होते. एवढ्या गलक्यात हळू बोलले असते तर तुला ऐकू गेलं असतं का?

अजून तरी तुझी
आई

३ मार्च

माझे आई,

तुझा लिफाफा जाड होता म्हणून मी उभ्या उभ्याच फाडला. आत विक्रीचा फॉर्म. सरांचं नाव टाइप केलेलं, किंमत टाइप केलेली आणि "ओळखपुस्तक सरांच्या ताब्यात दे" अशी चिठ्ठी टाचणीने लावलेली. फॉर्मच्या मागे मी दुधाचा हिशेब लिहिला आहे. कागद चांगला होता, वाया जायला नको.

सही केलेलं संमतिपत्र त्यात नव्हतं. विसरली असशील.

पैशांबद्दल सांगणार नव्हते, पण तुला कुणाकडून तरी कळणारच, मग माझ्याकडूनच कळलेलं बरं. थंडी संपली की पागेत एक संकट येतं, ते तुला आठवत असेल. घोड्यांच्या झुली. चार महिने पाठीवर बांधलेल्या, घाम, शेण, चिखल आणि केस यांनी इतक्या जड झालेल्या की एकटीने उचलवत नाहीत. त्या धुवून ठेवल्या नाहीत तर पुढच्या थंडीपर्यंत कसर लागते. आणि कुठलीही लाँड्री त्या घेत नाही. आमच्याही दारावर पाटी आहे, "जनावरांचे कपडे घेतले जाणार नाहीत". ती पाटी माझ्याच अक्षरात आहे.

पागेच्या मावशी म्हणाल्या, "यंदा फेकून नव्याच घ्याव्यात म्हणते, कोण धुणार?" मी म्हणाले, "मी." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला पैसे हवेत का गं?" मी म्हणाले, "नाही, मला छंद आहे शेण धुण्याचा." मग त्या हसल्या आणि दर ठरला. चौदा घोडे, प्रत्येकाच्या दोन-तीन झुली. शेजारच्या पागेतही विचारते म्हणाल्या.

पहिल्या दोन मी घरच्या न्हाणीघरात धुतल्या. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून वर आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे काही मेलंय का?" मी म्हणाले, "नाही, कमावतंय." त्यांना ते कळलं नाही, पण सोसायटीच्या सेक्रेटरीला कळलं. त्यामुळे आता मी दुसरी सोय केली आहे. कुठली ते विचारू नकोस.

कोट झाला. आमच्याकडे वर्षभर कुणी न्यायला न आलेले कपडे एका कपाटात असतात. त्यातला काळा कोट मालकांना विचारून घेतला, खांदे आत घेतले, मागे चीर दिली. एखाद्या वाढप्याचा असावा, खिशात टूथपिक निघाल्या. बूट जुने मिळाले, डावा जरा चावतो. डॉक्टरांनी सर्टिफिकेट देताना विचारलं, "कुणासाठी?" मी म्हणाले, "माझ्यासाठी." त्यांनी रक्तदाब पुन्हा मोजला. दोन्ही वेळा चांगला निघाला.

संमतिपत्राची दुसरी प्रत जोडते आहे, पहिली हरवली असेल तर असावी.

आई

२२ मार्च

माझे आई,

घाईत लिहिते आहे, पण घोड्यावर बसून आलेली नाही. नुकतीच उतरले आहे.

कामाला सध्या थोडी सुट्टी घेतली आहे. अठरा वर्षांत सलग दोन दिवस घेतले नव्हते, म्हटलं घेऊन बघावी. वेळच वेळ आहे. सकाळी तांबडीला फिरवते, मग झुली धुते, दुपारी पुन्हा तांबडी. मावशींनी मागच्या पत्र्याच्या शेडमधला नळ आणि वीज वापरायला दिली. एक मशीन मिळालं आहे, जुनं, पण माझ्या ओळखीचं. त्याचं दार कसं लावायचं, कुठे थाप मारली की पुढचं चक्र सुरू होतं, हे फक्त मला माहीत आहे.

वाळत घालायला जागा नाही म्हणून सरावाच्या रिंगणातल्या अडथळ्यांच्या दांड्यांवर झुली टाकते. परवा तुझे सर आले होते, तांबडीला "बघायला". नवरी पाहायला यावं तसे. अडथळ्यांवर चौदा झुली बघून म्हणाले, "बाई, इथे घोडे शिकतात." मी म्हणाले, "शिकतायत की." आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तांबडीवर बसून निळ्या झुलीच्या दांडीवरून उडी मारली. ती थोडी कपडा हुंगत गेली, ते खरं आहे. पण गेली.

सरांनी तिचे दात बघितले नाहीत, पाय मात्र चाचपले. म्हणाले, "अजून पाच-सहा वर्षं काम देईल." मला त्या "काम देईल" शब्दाचा इतका राग आला की मी खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, सोडायचं निमित्त करून तिच्या पलीकडे गेले. ती मान वळवून माझा खिसा शोधत होती. हिला मी देणार नाही, लिहून ठेव. पाच-सहा वर्षं तर माझ्यातही आहेत, मलाही न्या म्हणावं.

तू हसत असशील तर बरं आहे. संमतिपत्र अजून आलेलं नाही.

आई

९ एप्रिल

मावशींनी तुला फोन केला, हे मला कळलं. त्यांनी आपण होऊन केला की तू केलास, यावर त्या नीट बोलत नाहीत. त्यांनी काय सांगितलं असेल त्याचा अंदाज आहे, तेव्हा माझ्या तोंडूनही ऐक.

सुट्टी घेतली नव्हती. मला काढलं.

दुसरी सोय म्हणजे लाँड्रीचं मोठं मशीन. रविवारी बंद असतं, किल्ली माझ्याकडे असायची. मालकांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. तीन रविवार झुली धुतल्या. आधी ब्रशने केस काढत होते, नंतर मशीन रिकामं फिरवत होते, दाराचं रबर बोटाने पुसत होते. सगळं करत होते. फक्त तिसऱ्या रविवारी मागची गाळणी साफ करायची राहिली. अठरा वर्षं दर नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं आहे, आधी गाळणी, मग घर.

सोमवारी पहिली खेप हॉटेलच्या नॅपकिनांची होती. तीनशे, पांढरे, कडक इस्त्रीचे. कुठल्याशा कंपनीची मेजवानी होती म्हणे. लोकांनी नॅपकिन उघडून तोंड पुसलं आणि ओठांना केस लागले. एका बाईंनी तो हॉटेलातल्या आचाऱ्याचा म्हणून गोंधळ घातला. मग कुणीतरी केस उजेडात धरला. एवढा जाड, तांबूस केस माणसाचा असेल तर तो माणूस प्रदर्शनातच ठेवायला हवा.

मालकांनी एक नॅपकिन माझ्यासमोर पसरला. म्हणाले, "बाई, अठरा वर्षांत तुमच्या हातून डाग राहिला नाही. हे काय आहे?"

मी म्हणाले, "घोडा."

खोटं बोलता आलं असतं. इस्त्रीवाल्याकडे कुत्रा आहे. पण तांबडीचा केस कुत्र्याच्या नावावर घालायचा हे काही मला जमेना.

ते चिडले नाहीत, हेच वाईट वाटलं. हॉटेलचं काम गेलं, ते त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं. चूक माझी होती आणि काढलं ते बरोबर केलं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. मग विचारलं, "मागे ते जुनं मशीन भंगारात घालायचं पडलंय, ते या महिन्याच्या पगारात द्याल का?" ते म्हणाले, "तुम्हाला लाज वाटत नाही?" मी म्हणाले, "वाटते. मशीन द्याल का?"

दिलं.

घरी येऊन रडले, तेही सांगून टाकते. तासभर. मग दुसऱ्या दिवशी हातगाडीवाल्याला बोलावून मशीन पागेत नेलं. तुला हे कळवलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "बघ, मी सांगत होते." आता म्हण. पण म्हणून झाल्यावर हेही ऐक, तीन पागा मिळून आता सत्तर झुली माझ्याकडे आहेत आणि खोगिराखालच्या गाद्या वेगळ्या. प्रवेश फी भरली. ट्रकवाल्याला सांगून ठेवलं. पागेचं भाडं दिलं. हे सगळं झुलींच्या पैशांतून, तुझ्याकडून नाही आणि उसनंही नाही.

राहिली फक्त तुझी सही. तू रागावून देत नसशील तर राग समोर येऊन काढ, कागदावर काढू नकोस.

आई

१८ एप्रिल

लेकी,

आठवडा राहिला.

आज मी एक गोष्ट केली. लाँड्रीत कपड्यांना टाचतो तशी कोऱ्या लेबलांची एक गड्डी माझ्याकडे आली आहे, मशीनच्या ड्रममध्येच पडली होती. त्या लेबलांवर मी तुझी सही गिरवली. पहिली सात-आठ वाईट आली, मग हात बसला. तू शेवटचं अक्षर लांब ओढून खाली एक रेघ मारतेस, जणू पुढे कुणी काही लिहू नये. ती रेघ मला छान जमली. सातवीत असताना तू प्रगतिपुस्तकावर माझी सही केली होतीस आणि गणिताच्या बाईंनी ओळखली नव्हती. तेव्हा या कामात घराण्याला हात आहे.

मग संमतिपत्र पुढे घेतलं, पेन टेकवलं आणि ठेवून दिलं.

खोटेपणाची भीती वाटली असं समजू नकोस. लाँड्रीची किल्ली न विचारता वापरणाऱ्या बाईला कसली भीती? पण त्या दिवशी रिंगणात शिरताना भोंग्यावर घोड्याच्या मालकाचं नाव पुकारतात. तुझं नाव पुकारलं जाईल, आणि ते मीच लिहिलेलं असेल, तर ते मला ऐकवणार नाही. इतकंच आहे.

म्हणून वाट बघते. आली नाही सही, तर भरलेली फी बुडेल आणि मी चार तारखेला इथेच झुलींच्या दांड्यांवरून आठ उड्या मारीन. मावशी परीक्षक. पण ओळखपुस्तक तरीही मिळणार नाही.

आई

२६ एप्रिल

काल लिफाफा आला. शेवटच्या दिवशी. मी स्वतः स्पर्धेच्या ऑफिसात जाऊन संमतिपत्र दिलं, तिथली मुलगी दप्तर आवरत होती.

आत दोन कागद होते. संमतिपत्र, सही केलेलं. आणि विक्रीचा नवा फॉर्म, त्यावरही सही, पण या वेळी घेणाऱ्याचं नाव कोरं आणि किंमतही कोरी. चिठ्ठीत एकच ओळ. "तू पडशील. दोन्ही कागद तुझ्याकडे ठेव, तुझं तू बघ."

पडीन. मग उठीन. ते तू लिहायला विसरलीस म्हणून मी लिहिलं.

दुसऱ्या कागदाचं काय करायचं ते चार तारखेनंतर बघते. आत्ता डावा बूट चावतोय, त्याच्यात भांडं घालून ताणायला ठेवलाय.

आई

५ मे

लेकी,

पंधरावी आले. सतरांमध्ये. आधी निकाल सांगते म्हणजे तू धडधडत वाचणार नाहीस. हाडं सगळी जागेवर आहेत.

तिथे सगळी दहा-बारा वर्षांची मुलं. दातांना तारा लावलेली. एका मुलीने मला अदबीने विचारलं, "आजी, तुम्ही कुणाला सोडायला आलात?" मी म्हणाले, "मलाच." ती विचार करून म्हणाली, "मग तुमचा नंबर काय?" मी चौदावी होते, ती पंधरावी. मग आम्ही दोघींनी पायी रिंगण चालून अडथळे पाहिले. घोड्याच्या एका ढांगेला आपली चार पावलं धरायची, असं तू मोजायचीस ते मला आठवत होतं. ती मुलगी आणि मी, आमची पावलं सारखीच निघाली.

भोंग्यावर तांबडीचं नाव आलं, माझं आलं, मग तुझं. मी तेव्हा दारात होते. मानेवर हात ठेवून तिला म्हणाले, चल.

पहिला अडथळा कसा गेला ते मला आठवत नाही. दुसऱ्याला मी श्वास घेतला. तिसरा, चौथा सुंदर. अगं, छप्पन्नाव्या वर्षी मला कुणी विचारलं असतं की तुझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं अर्धं मिनिट कुठलं, तर मी दुसऱ्या ते चौथ्याच्या मधलं सांगितलं असतं. त्यात तुझा जन्म आहे, लग्न आहे, सगळं आहे, आणि तरीही सांगितलं असतं. तुला राग आला तर येऊ दे.

पाचवा लाल-पांढरा होता. वळून त्याच्याकडे निघाले आणि कुंपणावरून मावशी ओरडल्या. त्यांचं प्रेम आहे माझ्यावर, म्हणून ओरडल्या. "मार टाच! मार टाच!" असं म्हणत होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा शब्द काही ऐकू आले नाहीत. फक्त आवाज ओळखीचा आहे एवढं कळलं आणि माझ्या हातून काहीतरी मोठं चुकलंय असं वाटलं. माझे हात आखडले, लगाम ओढला गेला, तांबडी थांबली आणि मी तिच्या मानेवर. पडले नाही. आयाळ धरून मागे सरकत बसले आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मग दुसऱ्या प्रयत्नात पाचवा गेला. सातव्याची दांडी पडली. आठवा स्वच्छ. थांबल्याचे चार दंडगुण, दांडीचे चार, वेळेचे वेगळे. माझ्यामागे फक्त दोघे, त्यातल्या एकीच्या घोड्याने रिंगणाच्या कडेची फुलं खायला घेतली होती.

उतरल्यावर मावशी धावत आल्या. म्हणाल्या, "अगं, मी एवढी ओरडत होते, ऐकलं नाहीस का?" मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "काय गं, अशी काय बघतेस?"

ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. तुला सांगते. सात वर्षांपूर्वी तुझ्या स्पर्धेच्या त्या दिवशी तू एकोणीस वर्षांची होतीस, तांबडी दोनदा थांबली होती, तू हात वर करून बाहेर यायला निघाली होतीस, आणि मी कुंपणावर चढून ओरडत होते. सांगत नव्हते. ओरडत होते. तू वळलीस, तिसऱ्यांदा घातलीस आणि पडलीस. दवाखान्यात तू मला म्हणालीस, "तुझा आवाज आला की मला काही सुचत नाही." मी सात वर्षं हे वाक्य उद्धटपणात जमा केलं.

मी चुकले. हे तुझ्या हिशेबाच्या पानावर कुठेही लिही.

आई

१३ मे

लेकी,

तुझा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये होते, मशीन चालू होतं, म्हणून कळलं नाही. मुद्दाम परत केला नाही. मला हे लिहूनच सांगायचं होतं. फोनवर मी भांडले असते.

दुसरा कागद भरला. घेणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं. किंमत सरांनी देऊ केली होती तीच, एक पैसाही कमी नाही. लाँड्रीतून अठरा वर्षांचे म्हणून शेवटी जे मिळाले, त्यातून बँकेत तुझ्या खात्यावर टाकले आहेत. आई आहे म्हणून फुकट घेणार नाही, आणि तू परत पाठवलेस तर मी पुन्हा पाठवीन. बँकेला कंटाळा येईपर्यंत आपण हे करू शकतो.

आता का, ते सांगते.

तुझे बाबा गेले आणि विम्याचे पैसे आले, तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. लाँड्रीतून घरी येताना पागेच्या कुंपणापाशी मी थांबायचे, हे तुला माहीत नाही. ते असताना दहा मिनिटं, ते गेल्यावर तास. तू घरी कुलपाबाहेर पायरीवर बसलेली असायचीस आणि मी काम फार होतं म्हणायचे. मला ती तांबडी हवी होती. इतकी हवी होती की मला रात्री झोप यायची नाही. पण नवऱ्याच्या विम्यातून बाईने स्वतःसाठी घोडी घेतली, असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? तुझ्या आत्याने विचारलं, पैशांचं काय करणार. मी म्हणाले, लेकीला घोडी घेते. आत्याने डोळे विस्फारले, पण गप्प बसली. लेकीसाठी म्हटलं की बाईला कुठलंही वेड माफ असतं.

म्हणून कागदावर तुझं नाव घातलं. तुला वर बसवलं आणि मी कुंपणावर उभी राहिले. तुझ्या पाठीचा कणा ताठ हवा, तुझी टाच खाली हवी, तू जिंकायला हवंस. सहा वर्षं मी तुझ्या अंगातून घोड्यावर बसत होते. तू पडलीस तेव्हा मला पहिला राग आला तो उडी गेली याचा. तुझा हात मोडलाय हे मला नंतर दिसलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही.

तुझ्या तेराव्या वाढदिवसाला मी विचारलं होतं, तुला काय हवं. तू म्हणाली होतीस, सायकल.

तांबडी तुझी कधीच नव्हती. तू मागितलीच नव्हतीस. ती माझी आहे, मी तिच्यासाठी धुणी धुते आहे, आणि सप्टेंबरात पुन्हा स्पर्धा आहे, तिथे मी उतरणार आहे. या वेळी मावशींना घरी ठेवणार आहे. लोकांनी हसायचं तर हसावं, भोंग्यावर आता एकच नाव दोनदा येईल.

तुझ्या नावावर आता काही राहिलं नाही. पागेचं भाडं नाही, सही नाही, ती पाठ नाही आणि मीही नाही. तू मोकळी आहेस.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. पागेत यायची काही गरज नाही, तिचं तोंडही बघू नकोस. घरी ये. येशील त्या दिवशी तिला मावशी फिरवतील, मी तुझ्याआधी घरी असेन.

आई